सेशन नोट परत येते, ती इंग्रजी कच्चं आहे म्हणून?

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका मैत्रिणीचं पत्र आहे. त्या मूळच्या नाशिकच्या, डी.एड. झालेल्या. लग्नानंतर अमेरिकेत गेल्या, काही वर्षं घरीच होत्या, मग कामाची परवानगी मिळाल्यावर ४० तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षा पार करून आरबीटी झाल्या. ऑटिझम असलेल्या मुलाबरोबर रोज प्रत्यक्ष बसून एबीए थेरपीचं, म्हणजे वागण्याच्या अभ्यासावर आधारलेल्या थेरपीचं, सेशन घेते ती आरबीटी. मुलाचा कार्यक्रम आखते आणि तिच्या कामावर देखरेख ठेवते ती बीसीबीए. सध्या त्या एका मराठी कुटुंबातल्या पाच वर्षांच्या मुलाकडे आठवड्याला साधारण १५ तास जातात. मुलाशी त्यांचं छान जमलं आहे. अडचण आहे ती प्रत्येक सेशननंतर लिहायच्या नोटची. बीसीबीए मॅडम नोट परत पाठवतात: ‘फार मोघम’, ‘हे तुमचं मत झालं’, ‘तपशील हवा’. रात्री भांडी आवरली की त्या तासभर लॅपटॉप घेऊन बसतात, शब्द सुचत नाहीत, रडू येतं. एका सहकारी मैत्रिणीने तयार वाक्यांची फाइल दिली, त्यातली वाक्यं त्या आता जशीच्या तशी नोटमध्ये घालतात. मुलाचा दिवस वाईट गेला तर नोटमध्ये तो सौम्य करतात. आई वाचेल, तिला वाईट वाटेल आणि आपल्यालाच मूल सांभाळता येत नाही असं दिसेल, ही भीती. त्यात थेरपीच्या तासांना इन्शुरन्सने दिलेल्या मंजुरीचं रिन्युअल महिन्यावर आलंय आणि ऑफिसातून निरोप आलाय, ‘नोट्समध्ये प्रोग्रेस दिसू दे.’ त्या विचारतात: चांगला फॉरमॅट देता का? तयार वाक्यं वापरणं चूक आहे का? की इंग्रजी इतकं कच्चं असताना या कामात पडायलाच नको होतं?

(मुलाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

प्रिय मैत्रीण,

परत आलेल्या एका नोटमधलं वाक्य तुम्ही पत्रात दिलंय. मराठीत ते साधारण असं होतं: ‘आज क्लायंट सुरुवातीला चिडलेला होता, सूचना ऐकत नव्हता, नंतर चांगलं सहकार्य केलं.’ तुमचं मूळ इंग्रजी वाक्य मी दोनदा वाचलं. त्यात व्याकरणाची एकही चूक नाही.

आता त्याच दिवसाबद्दल तुम्ही मला मराठीत काय लिहिलंत ते पाहा. ‘टॅबलेट ठेव म्हटलं की तो आधी दोन्ही कानांत बोटं घालतो आणि गुणगुणतो. त्या दिवशी एकदा “नको” म्हणाला. मी परत सांगितलं तेव्हा तळहाताने डोकं बडवायला लागला, सहा वेळा. आतून मिक्सर चालू होता, मलाच नीट ऐकू येत नव्हतं. मग चित्रांचं कार्ड दाखवलं, तेव्हा दोन-तीन मिनिटांनी टेबलापाशी आला.’

तुमच्या मॅडम जी नोट मागतायत ती हीच. तुम्ही सगळं बघितलंत, लक्षातही ठेवलंत आणि लिहायला बसल्यावर ते गाळून त्याजागी ‘चिडलेला’ आणि ‘सहकार्य’ असे दोन शब्द ठेवलेत. तेव्हा इंग्रजीचा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. मला वाटतं, नोट म्हणजे ऑफिसची भाषा, तिथे घरगुती तपशील शोभत नाहीत, अशी तुमची समजूत झाली आहे. डी.एड.च्या पाठ टाचणांनी आपल्या सगळ्यांना ही सवय लावलेली असते. इथे ती सोडायला हवी.

त्या चार ओळींतून बीसीबीएला काय मिळालं असतं, ते सांगते. कानांत बोटं घालणं आणि गुणगुणणं ही डोकं बडवण्याआधीची खूण आहे. ती रोज दिसत असेल, तर डोक्याला हात लागायच्या आत काहीतरी करता येईल. मग तो ‘नको’. तुमच्या पत्रावरून दिसतं की त्याच्या प्लॅनमध्ये नकार सांगण्यासाठी इंग्रजी शब्द शिकवायचं टार्गेट आहे. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाने मराठीत स्पष्ट नकार दिला आणि तो कुठेच नोंदला गेला नाही. तुमच्या आधीच्या आरबीटीला कदाचित तो नुसता आवाज वाटला असेल. तुम्हाला तो कळतो. स्वतःला इजा करण्याऐवजी शब्दाने नाही म्हणणं हेच तर आपल्याला हवं असतं. तो शब्द त्याने वापरला, त्याचा उपयोग झाला नाही, आणि मग हात उठला. त्या क्रमाची नोंद झाली असती तर बीसीबीएने कार्यक्रम नक्कीच पुन्हा पाहिला असता.

आणि मिक्सर. कुठलंही वागणं मुलाला काहीतरी मिळवून देतं म्हणून टिकतं, हा एबीएचा पाया तुम्ही शिकला आहातच: कुणाचं तरी लक्ष, हवी ती वस्तू, नको त्या गोष्टीतून सुटका किंवा शरीराला मिळणारी संवेदना. त्या दिवशी त्याला टॅबलेट सोडायचा नव्हता, टेबलावरचं काम नको होतं, की तो आवाज सहन होत नव्हता? तिन्ही शक्य आहे आणि तिन्हींचे उपाय वेगळे. तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही: मिक्सर बंद कधी झाला? तो कार्ड दाखवायच्या आधीच थांबला असेल, तर ‘कार्डमुळे शांत झाला’ हा निष्कर्षच डळमळतो. म्हणून नोटमध्ये निष्कर्ष न लिहिता वेळ लिहायची. कारण ठरवायचं काम बीसीबीएचं. अनेक दिवसांच्या नोंदी शेजारी ठेवून ती ते करेल.

मी ती नोट अशी लिहिली असती. (काही वेळा आणि आकडे मी नमुन्यासाठी घातलेत. तुम्ही प्रत्यक्ष मोजलेलेच घाला. ‘आधी-नंतर कार्ड’ म्हणजे आधी काय करायचं आणि नंतर काय, हे चित्रांनी दाखवणारं तुमचं ते कार्ड.)

‘४:२० ला “टॅबलेट ठेव, टेबलापाशी ये” अशी सूचना दिली. स्वयंपाकघरात मिक्सर सुरू होता. क्लायंटने दोन्ही कानांत बोटं घातली, गुणगुणला, एकदा मराठीत “नको” म्हणाला. सूचना पुन्हा दिल्यावर उजव्या तळहाताने स्वतःच्या डोक्यावर ६ वेळा मारलं, साधारण ४० सेकंद. प्लॅनप्रमाणे आधी-नंतर कार्ड दाखवलं. मिक्सर ४:२२ ला बंद झाला. ४:२३ ला बोटाने दाखवल्यावर क्लायंट टेबलापाशी आला. डोक्यावर सूज किंवा लाली दिसली नाही. सेशन संपताना आईला सांगितलं.’

छोटी वाक्यं, साधी क्रियापदं. ठेवलं, ढकललं, फेकलं, झाकलं, वळला, बोट दाखवलं. अशा पंचवीसेक क्रियापदांची इंग्रजी यादी करून जवळ ठेवा. तुमचं बहुतेक काम तेवढ्यात भागेल. ‘चिडला’, ‘कंटाळला’, ‘हट्ट केला’ हे आपण मुलाच्या मनाबद्दल बांधलेले अंदाज आहेत. हात लिहिताना थांबला की स्वतःला विचारा, हे मला डोळ्यांनी दिसलं की मला वाटलं?

‘ऐकत नव्हता’ या शब्दांपाशी मला जरा थांबायचंय. ऑटिझम असलेले अनेक प्रौढ आज सांगतात की लहानपणच्या थेरपीत त्यांना केवळ आज्ञाधारक व्हायला शिकवलं गेलं, त्यांच्या नकाराला कुणी किंमत दिली नाही. ही तक्रार आपल्या क्षेत्राने गंभीरपणे घ्यायला हवी असं मला मनापासून वाटतं. रोजच्या नोटमध्ये त्याची सुरुवात होऊ शकते. ‘ऐकत नव्हता’ म्हटलं की फक्त आपलं न झालेलं काम दिसतं. ‘कान झाकले, नको म्हणाला’ लिहिलं की मुलाने काय सांगितलं ते दिसतं. मूल उठून गेलं, तोंड फिरवलं, साहित्य लोटून दिलं, तर तेही लिहा. आणि त्यावर तुम्ही काय केलंत, थांबलात की रेटलंत, हेही.

शिकवण्याच्या भागाबद्दल थोडक्यात. ‘रंग ओळखण्यात ८० टक्के’ एवढ्याने काही कळत नाही. पाच वेळा विचारलं की वीस वेळा? स्वतःहून सांगितलं की तुम्ही बोट दाखवल्यावर? ‘१० पैकी ६ स्वतःहून, ३ बोट दाखवल्यावर, १ हात धरून’ यात सगळं येतं. हे आकडे अ‍ॅपमध्ये आधीच भरलेले असतील तर नोटमध्ये पुन्हा उतरवत बसू नका. अ‍ॅप सांगू शकत नाही तेवढं लिहा: आज झोप कमी झाली होती, नवीन चित्रं वापरली, लाल आणि नारिंगीत सातत्याने गोंधळ झाला.

फॉरमॅट विचारलात. बऱ्याच ठिकाणी ‘सोप’ नावाचा साचा वापरतात, डॉ. लॉरेन्स वीड यांनी १९६० च्या दशकात रुग्णांच्या नोंदींसाठी तो रूढ केला. घरच्यांनी काय सांगितलं, प्रत्यक्ष काय दिसलं आणि मोजलं, त्यातून काय समजतं, पुढे काय करायचं, असे चार भाग. आरबीटीच्या नोटमध्ये दुसरा भाग भरभक्कम हवा आणि तिसरा अगदी जपून: ‘मागच्या सेशनपेक्षा स्वतःहून दिलेली उत्तरं दोनने जास्त’ इतपत ठीक, ‘प्रगती समाधानकारक’ नको. तुमच्या क्लिनिकचा साचा वेगळा असेल तर तोच वापरा. साच्याने नोट चांगली होत नाही, पण त्यामुळे वेळ, ठिकाण, हजर माणसं, सही यांतलं काही राहून जात नाही.

आता तयार वाक्यांची फाइल. तयार मथळे वापरण्यात काहीच गैर नाही. तयार वाक्यं मात्र कृपया आजपासून बंद करा. कारण साधं आहे: ते वाक्य लिहिणाऱ्याने तुम्ही सेशन घेता तो मुलगा पाहिलेलाच नाही. शिवाय एकाच मुलाच्या लागोपाठच्या नोट्स शब्दशः सारख्या दिसल्या की तपासणाऱ्याचा पहिला संशय हाच येतो की सेशन खरंच झालं का. अमेरिकेत हे सेशन साधारणपणे ९७१५३ या कोडखाली १५-१५ मिनिटांच्या युनिटमध्ये बिल होतं, आणि त्या प्रत्येक युनिटच्या पाठीशी तुमची नोट असते. डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयाने इंडियाना राज्याबद्दल अहवाल दिला: २०१९ आणि २०२० या दोन वर्षांत मेडिकेड या सरकारी आरोग्यविमा योजनेने एबीएसाठी किमान ५ कोटी ६० लाख डॉलर नियमबाह्य दिले. सेशन नोट्समधल्या त्रुटी हे त्यातलं एक मोठं कारण होतं. तुम्हाला घाबरवायला हे सांगत नाही. मुलगा वीस मिनिटं झोपला असेल तर ती वीस मिनिटं नोटमध्ये झोप म्हणूनच दिसली पाहिजेत. त्यांचं बिल करायचं की नाही हे ऑफिस ठरवेल. तुमची नोट आणि तुमची टाइमशीट यांचं मात्र जमलं पाहिजे.

‘प्रोग्रेस दिसू दे’ या निरोपाचे दोन अर्थ होऊ शकतात. एक अगदी योग्य आहे: जे केलंत ते कुठल्या टार्गेटसाठी, हे नोटमध्ये जोडून दाखवा. दुसरा अयोग्य आहे: नसलेली सुधारणा लिहा. लगेच दुसरा धरून मनस्ताप करून घेऊ नका, विचारा. ईमेलवर, साध्या शब्दांत: ‘प्रोग्रेस म्हणजे नोट टार्गेटशी जोडायची, असंच ना?’ उत्तर लेखी येऊ द्या. उद्या कुणी आकडे किंवा वेळ बदलायला सांगितलंच, तर ठाम नाही म्हणा आणि बीसीबीएला लेखी कळवा. आरबीटींसाठीची आचारसंहिता, जानेवारी २०२२ पासून लागू असलेली, तुमच्याकडून खऱ्या आणि अचूक नोंदींची अपेक्षा करते. तेव्हा नकार देताना तुम्ही एकट्या नसता.

पण मला शंका आहे ती तुमच्या मनातल्या गृहीतकाची. नोटमध्ये सुधारणा दिसली तरच इन्शुरन्स तास देईल, असं तुम्ही धरून चाललात. वाईट दिवस लपवले तर कागदावर हा मुलगा कसा दिसतो? डोकं बडवणं जवळपास नाही, सहकार्य उत्तम. असा मुलगा पाहून तास कमी करावेत असंच कुणालाही वाटेल. आणि खरोखर काही आठवडे एखाद्या टार्गेटवर हालचाल नसेल, तर बीसीबीएने पद्धत बदलायला हवी. ती वेळ झाली हे तिला फक्त तुमच्या नोटमधून कळणार. वाईट दिवस खरा लिहिण्यात मुलाचा फायदा आहे.

आईचं म्हणाल तर तुमची काळजी रास्त आहे. मुलाच्या नोंदी पाहायचा हक्क तिथल्या पालकांना सहसा असतोच, तेव्हा आई वाचेल असं धरूनच लिहा. म्हणजे सौम्य करून नव्हे, शेरा न मारता. ‘आक्रमक झाला’ वाचून आईच्या पोटात गोळा येतो. ‘दोन्ही हातांनी टेबल ढकललं, मग खाली बसला’ वाचून तिला तिचं मूल दिसतं. आणि त्या दिवशी काही घडलं असेल तर निघण्याआधी तोंडी सांगा. ‘वहिनी, आज असं असं झालं, त्याला लागलेलं नाही, मी मॅडमना कळवतेय.’ आधी तुमच्या तोंडून ऐकलेलं नंतर कागदावर वाचताना जड जात नाही.

रात्रीच्या त्या तासाबद्दल मला तुमच्यापेक्षा जास्त राग आलाय. त्या तासाचे पैसे तुम्हाला मिळतात का? तासावर पगार घेणाऱ्याने मालकाच्या कामासाठी घालवलेला वेळ हा कामाचाच वेळ, हा अमेरिकी कायदा १९३८ पासूनचा आहे. नोट लिहिणं हे काम आहे. ऑफिसला विचारा, या वेळेची नोंद कशी करायची? आणि नोट रात्रीवर टाकूच नका. सेशनमध्ये दोन-चार शब्द मराठीत टिपा: ‘४:२०, मिक्सर, नको, ६’. सेशन संपल्यावर लगेच बसलात तर बहुतेक दिवशी पंधरा-वीस मिनिटांत नोट होईल. त्या चिठ्ठीवर मुलाचं नाव नको, आणि ती ठेवायची की फाडायची हे क्लिनिकच्या नियमाप्रमाणे. भाषांतरासाठी चॅटजीपीटी किंवा गूगल ट्रान्सलेटमध्ये मुलाची माहिती टाकण्याचा मोह होईल. क्लिनिकने एखादं साधन अधिकृतपणे दिलं नसेल तर टाकू नका. रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेचा कायदा, हिपा, तिथे लागू असतो.

सुपरव्हिजनचा वापर करा. आरबीटीने महिन्यात जितके तास सेवा दिली, त्याच्या किमान ५ टक्के वेळ तिच्यावर देखरेख व्हायलाच हवी. तुमचे ६० तास धरले तर तीन तास. त्यातली दहा मिनिटं नोट्ससाठी मागा. मॅडमना म्हणा, ‘तुम्हाला उत्तम वाटणारी एक नोट नाव काढून दाखवाल का? आणि माझी एक नोट माझ्यासमोर दुरुस्त कराल?’ नुसतं ‘मोघम’ लिहून परत पाठवण्याने कुणी शिकत नाही, हे त्यांनाही तेव्हा जाणवेल.

पुण्या-मुंबईत, नाशिकला सेंटरमध्ये काम करणाऱ्या मुलींनाही हे पत्र ओळखीचं वाटेल. इथे बहुतेक ठिकाणी खर्च पालकच करतात, त्यामुळे सेशनच्या नोंदींची वही वाचणारी व्यक्ती म्हणजे आई किंवा आजी. त्या वहीत रोज ‘आज छान सेशन झालं’ लिहिण्यापेक्षा एक निरीक्षण आणि घरी करायची एक गोष्ट, घरात बोलतात त्या भाषेत लिहा. ‘पाणी हवं तेव्हा आज तीनदा ग्लासकडे बोट दाखवलं, घरीही बोट दाखवेपर्यंत थोडं थांबा, मग द्या.’ अशी ओळ आजीही अमलात आणू शकते.

काम सोडण्याचा विचार सध्या बाजूला ठेवा. ज्या व्यक्तीला कानातली बोटं, तो एक शब्द आणि आतला मिक्सर एकाच वेळी टिपता येतो, ती या मुलाला हवी आहे. इंग्रजी सुधारेल.

एक अवघड गोष्ट उरते: आधीच्या, सौम्य केलेल्या नोट्स. त्या उघडून गुपचूप बदलू नका. बीसीबीएला वेळ मागून सांगा की काही दिवशी डोकं बडवल्याची नोंद मी कमी केली किंवा केलीच नाही. दुरुस्ती कशी करायची ते त्या सांगतील. सहसा मूळ नोट तशीच ठेवून खाली आजची तारीख घालून पुरवणी नोंद करतात. जे नक्की आठवतं तेवढंच त्यात लिहा. जे आठवत नाही त्याबद्दल ‘आठवत नाही’ म्हणा, अंदाजाने आकडे भरू नका. रिन्युअलचा अहवाल याच नोंदींवरून तयार होणार आहे, म्हणून हे बोलणं या आठवड्यातच करा.